दर आठवड्याला नवीन काहीतरी सुचायला हवं असेल तर तुम्ही रोज नेमकं काय करता?

शाळाबाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, सातारा जिल्हा, माण तालुका. तिसरी-चौथी माझ्याकडे. आता शनिवारी दप्तर नसतं, 'आनंददायी शनिवार', म्हणजे पुस्तक सोडून पोरांना काहीतरी करायला द्यायचं. कल्पना चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. सुरुवातीला तर मीच पोरांपेक्षा जास्त उड्या मारत होते, मातीकाम झालं, पानांचे ठसे झाले, गावातल्या विहिरी मोजून झाल्या, आजीकडून जुना खेळ शिकून या झालं. आणि मग आटलं. आता शुक्रवारी रात्री भांडी घासून झाली की मोबाइल घेऊन बसते आणि मुलांसाठी ॲक्टिव्हिटी शोधते, त्यात निम्म्या गोष्टींना ग्लू गन आणि पाइप क्लीनर लागतात, जे म्हसवडच्या बाजारात कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. मग शेवटी कागदाची होडी. पोरं बिचारी तीही आनंदाने करतात, पण परवा एक पोरगी म्हणाली, बाई, होडी सोडायला पाणी कुठाय?

तर इथे लेखक आहेत, जाहिरातवाले आहेत, डिझाइनवाले आहेत, ज्यांना सुचण्याचेच पैसे मिळतात असे लोक आहेत. तुम्ही सुचावं म्हणून रोज काय करता? दमलेल्या माणसाला जमेल अशी साधी सवय सांगा. 'चौकटीबाहेर विचार करा' वगैरे नको आणि मोटिव्हेशनल व्हिडिओच्या लिंका तर अजिबात नकोत.

रिकामटेकडा

पहिला!
होडीचं वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धाचहा

जाहिरातवाला हजर आहे.

बाई, शुक्रवारी रात्री कुणालाच काही सुचत नाही हो, डेडलाइन डोक्यावर असली की डोकं सगळ्यात जवळचं जे असेल ते उचलतं, म्हणजे होडी. माझी सवय सांगतो, अगदी बावळट आहे. सकाळचा चहा होईपर्यंत वहीत दहा ओळी लिहायच्या. दहाच, आणि चांगल्या असल्या पाहिजेत अशी अट नाही. समजा स्कूटरची जाहिरात करायची आहे, तर पहिल्या चार ओळीत वारा, स्वातंत्र्य, कॉलेज, गर्लफ्रेंड येणारच, ते सगळ्यांनाच सुचतं, आणि लिहून काढलं नाही तर ते दिवसभर डोक्यात दार अडवून बसतं. पाचवी-सहावी ओळ लिहिताना कंटाळा येतो. सातवीला आपण वैतागून काहीतरी वेडपट लिहितो, उदा. स्कूटरवर मागे बसलेल्या आजीचा पदर. आणि कधीकधी तेच चालतं. बहुतेक वेळा नाही चालत, तेही ठीक, वही बंद करायची आणि कामाला लागायचं.

वही स्वस्तातली घ्या, हे महत्त्वाचं. भारी वहीत माणूस भारी लिहायला बघतो आणि पहिल्या पानावरच अडकतो.

खडूस

असहमत. सुचणं ही देणगी आहे, ती असते किंवा नसते. सवयीने फक्त जिलब्या (म्हणजे सुमार लिखाण) पडतात. पुरावा हवा असेल तर याच संस्थळाच्या कविता विभागात जाऊन या, तिथे रोज सवयीने सुचलेलं असतं.

रिकामटेकडा

खडूसराव, कवी मंडळी येताहेत, हेल्मेट घाला.

गोदाकाठ

@अर्धाचहा +१, पण वही नाही जमत मला, मोबाइलवर व्हॉइस नोट करते. स्कूटीवर असताना सुचलं की सिग्नलला थांबून हेल्मेटच्या आत पुटपुटते. शेजारचे लोक बघतात. मात्र नंतर ते ऐकायला जाम कंटाळा येतो, त्यामुळे शेकडो नोट्स पडून आहेत, आणि एकीत तर नुसता ट्रकचा हॉर्न आहे.

नानाकाका

खडूस यांच्या मताचा मान राखून थोडं लिहितो. मी गणित शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे उदाहरण गणिताचंच येणार.

हेन्री प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने १९०८ साली पॅरिसला एका व्याख्यानात आपल्याला कसं सुचतं ते सांगितलं होतं. सहलीला गेला असता बसच्या (तेव्हा घोड्यांची असायची) पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी ज्या प्रश्नावर अडला होता त्याची किल्ली मिळाली. हा किस्सा देणगीवाले लोक फार आवडीने सांगतात. पण त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं कुणी सांगत नाही. त्याआधी पंधरा दिवस तो रोज टेबलाशी बसून त्याच विषयाशी झगडत होता, तास-दोन तास वेगवेगळ्या जुळण्या करून बघायचा आणि हाती काही लागायचं नाही. आणि बसमध्ये सुचल्यावर पडताळा करायला वेळ नव्हता म्हणून गप्पा मारत राहिला, घरी परतल्यावर तपासून पाहिलं. म्हणजे आधी झगडणं, मध्ये सोडून देणं, नंतर तपासणं. नुसती पायरी चढून कुणाला काही मिळालं नाही. मी रोज पुण्याच्या पीएमटी बसमध्ये चढलो आहे, मला कधीच काही मिळालं नाही, कारण मी त्याआधी घरी बसून काही केलेलं नसायचं.

बाईंना उपयोगी पडेल ते एवढंच, की शनिवारचा विचार सोमवारी पाच मिनिटं करावा आणि मुद्दाम अर्धवट सोडून द्यावा. मध्ये जे दिवस जातात ते फुकट जात नाहीत.

एमआयडीसीवाला

काकांनी भारी लिहिलंय. आता आमचं ऐका, आम्ही काय प्वांकारे नाही, चाकणला असेम्ब्ली लाइनवर आहे.

आमच्याकडे काइझेन असतंय, म्हणजे प्रत्येकाने सुधारणा सुचवायची, फॉर्म भरायचा. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांकडनं सूचना घ्यायला सुरुवात केली, तिथनं सगळीकडं पसरलं. आमच्यात महिन्याला इतके फॉर्म असं टार्गेट असल्यामुळं निम्मे लोक 'पंख्याला ग्रीस लावावे' असं लिहून मोकळे होतात, ते सोडा. पण खरं शिकलो ते एका जुन्या फोरमनकडनं. तो म्हणायचा आयडिया शोधू नको रे, कुठं चिडचिड होतीय ते लिहून ठेव. मग खिशात छोटी डायरी ठेवायला लागलो आणि दिवसभरात जिथं शिवी तोंडात येईल तिथं एक ओळ.

आता एक बघा. एका ब्रॅकेटला चार वॉशर लागायचे. डबा भरलेला वॉशरचा, त्यातनं चार उचलायचे, लावायचे, पुढचा पीस. दिवसात कधीतरी एखादा राहून जायचा आणि तो पुढं इन्स्पेक्शनला सापडायचा, मग सगळा लॉट उघडा. डायरीत चार-पाच वेळा तेच आलं, 'वॉशर राहिला, बोलणी खाल्ली'. मग बुडाला चार खड्डे असलेला लाकडी ट्रे केला, पीस हातात घ्यायच्या आधी चार खड्ड्यात चार वॉशर टाकायचे. पीस झाला आणि खड्ड्यात एक उरलाय म्हणजे आपण विसरलो. संपला विषय. खर्च शून्य, सुताराचा चहा. असला प्रकार जपान्यांनी फार आधी केलेला, पोकायोके म्हणतात, पण मला तेव्हा माहीत नव्हतं, चिडचिडीतनं आलं.

तर बाई, पोरं कुठं अडतात, कशाला कंटाळतात, कशावरनं भांडतात ते लिहून ठेवा आठवडाभर. तुमच्या त्या पोरीनं होडीचं विचारलं ना, तो माझ्या डायरीतला फॉर्म आहे बघा.

अर्धाचहा

@एमआयडीसीवाला दंडवत. आमच्याकडे हेच लोक 'कन्झ्युमर इनसाइट' म्हणून पैसे घेऊन सांगतात.

सुगरण_नाही

गंमत वाटतेय सगळ्यांची. रोज सकाळी सहाला तीन माणसांचे तीन डबे, त्यातल्या एकाला भेंडी चालत नाही, एकाला कालचं चालत नाही आणि एकाला काहीच चालत नाही, हे काम करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही तुला कसं सुचतं म्हणून.

माझी सवय अशी आहे की 'आज काय करू' असा विचार मी करतच नाही. फ्रिज उघडते आणि संपायला काय आलंय ते बघते. अर्धी वाटी डाळ, दोन गाजरं, उरलेला भात. आता यातून सुटका करायची आहे. 'काय करू' म्हटलं की जगातले सगळे पदार्थ समोर येतात आणि मी तशीच उभी राहते, 'ह्या भाताचं काय करू' म्हटलं की दोन मिनिटात उत्तर. बाई, तुम्ही नेटवर शोधता तिथेच गडबड आहे, तुमच्या शाळेच्या आवारात काय पडलंय तिथून सुरू करा. संपायला आलेलं किंवा फुकट पडलेलं.

वृश्चिक

भाताचं काय केलं मग?

सुगरण_नाही

थालीपीठ. डाळ आणि किसलेलं गाजर त्यातच.

वृश्चिक

उरलेल्या भाताचा फोडणीचा भात सोडून काहीही करणं हा गुन्हा आहे. वरून कच्चा कांदा, शेंगदाणे, लिंबू. णिषेध.

गोदाकाठ

फोडणीच्या भातात लिंबू??? दही हो दही.

कापूसकोंड्या

विदर्भात या, गोळाभात खा, मग बोला. अन् उरला पाहिजे ना आधी.

रिकामटेकडा

संपादक, धागा पाककृतीत हलवा. भांडणाचं काश्मीर व्हायच्या आत.

टोरांटोकर

मूळ विषयावर येतो. माझं मत, चाला. स्टॅनफर्डला २०१४ मध्ये ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी प्रयोग करून बघितला होता, लोकांना बसवून आणि चालवून एखाद्या नेहमीच्या वस्तूचे नवे उपयोग सुचवायला सांगितले, तर चालताना सरासरी ६० टक्के जास्त सुचलं. ट्रेडमिलवर भिंतीकडे तोंड करून चाललं तरी फायदा दिसला, म्हणजे निसर्ग, झाडं, पक्षी हे सगळं असायलाच पाहिजे असं नाही. चार्ल्स डार्विननेही घरामागे वाळूची पायवाट करून घेतली होती आणि रोज तिच्यावर फेऱ्या मारायचा. मी इथे उणे तापमानात मॉलमध्ये फेऱ्या मारतो, सिक्युरिटीवाला आता ओळखतो.

वृश्चिक

ते संशोधन अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात दुसरी चाचणी होती, जिथे तीन शब्दांना जोडणारा एकच बरोबर शब्द शोधायचा होता, तिथे चालणारे किंचित मागे पडले. म्हणजे पसारा घालायला चालणं चांगलं, आवरायला खुर्ची. आठ आयडिया चालत काढा आणि त्यातली एक निवडायला बसा.

बाकी माणात मे महिन्यात दुपारी कुणी चालून दाखवा, त्याला एकच कल्पना सुचेल, सावली.

टोरांटोकर

मान्य. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

गोदाकाठ

आमच्या ऑफिसात 'चला ब्रेनस्टॉर्मिंग करू' म्हणून आठ जणांना काचेच्या खोलीत कोंबतात. साहेब पहिलं वाक्य बोलतात, मग उरलेला तासभर सगळे त्याच वाक्याला दागिने घालतात. बिस्किटं मात्र चांगली असतात. ह्यात काही अर्थ असतो का कुणी सांगेल?

अर्धाचहा

हे आमच्या धंद्यातलं पाप आहे. ॲलेक्स ऑस्बोर्न नावाचा अमेरिकन जाहिरातवाला, त्याने ही पद्धत लोकप्रिय केली, टीका करायची नाही, भरपूर सुचवायचं वगैरे नियम त्याचेच. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठात तपासून झालं होतं, चौघांना एकत्र बसवलं आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं बसवून त्यांची यादी नंतर एकत्र केली, तर वेगवेगळे बसलेले जिंकले. संख्येतही. एकत्र बसलं की एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि मग तुम्ही म्हणता तसं दागिन्यांचं काम सुरू होतं.

म्हणून मी टीमला म्हणतो, आधी आपापल्या जागी बसून लिहून आणा, मग बिस्किटं.

बाई, तुमच्या शाळेत दुसरे गुरुजी आहेत ना? दोघांनी वेगळं लिहा आणि मधल्या सुट्टीत अदलाबदल करा.

निनावी_७७

एवढं कशाला, चॅटजीपीटीला विचारा, दहा सेकंदात पन्नास ॲक्टिव्हिटी.

खडूस

आणि त्यातली पहिली कागदाची होडी.

निनावी_७७

😂 दुसरी टाकाऊतून टिकाऊ, आत्ताच विचारून बघितलं.

ओवी_म्हणे

सगळे प्रतिसाद वाचले. कुणी जात्याचं नाव कसं काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात आपल्याकडे, यात बाईंच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे असं मला वाटतं.

माझी आजी दळायची ते मी लहानपणी पाहिलंय. दोन्ही हात अडकलेले, एक खुंटा धरायला आणि दुसरा मधूनच मूठभर दाणे घालायला. डोकं मात्र मोकळं. जात्याचा घरघर एकसुरी आवाज, आणि त्याला धरून ओवी. आता ती ओवी ती शून्यातून काढत नसे. 'पहिली माझी ओवी गं' म्हणून सुरुवात तयारच असायची, दुसरी माझी ओवी, तिसरी माझी ओवी, पुढे काय घालायचं तेवढंच आपलं, त्यात भाऊ यायचा, विठ्ठल यायचा, सासूला टोमणा यायचा, चुलत्याने बांध कोरला तेही एकदा आलेलं मला आठवतंय. ओवी म्हणायचा मूड आहे का असं कुणी विचारत नव्हतं, पीठ संपलेलं असायचं म्हणून बसायचं.

मी स्वतः भरतकामाचे नमुने काढते. आजीकडून उचललेली सवय ही की वही उघडल्यावर पहिले शब्द ठरलेले असतात. 'आज येताना दिसलं की'. बस. रोज तेच चार शब्द लिहायचे आणि पुढे जे येईल ते. कोऱ्या पानाची भीती जाते कारण पान कोरं नसतंच. कधी 'आज येताना दिसलं की रिक्षावाल्याने सीटचं फाटलेलं कव्हर पिवळ्या दोऱ्याने शिवलंय', त्यावरून माझी एक अख्खी बॉर्डर निघाली, जांभळ्यावर पिवळे वाकडे टाके. पण बहुतेक दिवस नुसतं 'ट्रॅफिक' असतं.

आणि लिहून ठेवाच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या घरकाम, शेतकाम करता करता म्हणायच्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी वगैरे टिपून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, ते छापून आलं. नाहीतर आपल्याला पत्ताही नसता.

खडूस

ओवीताई, लिहिलंय सुंदर, पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. जाती घरोघर होती, बहिणाबाई एकच झाल्या.

ओवी_म्हणे

खडूसदादा, हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर भरल्या. त्या कुणी म्हटल्या? ज्यांना कुणी कवी म्हणत नाही अशा बायकांनी. सगळ्या बहिणाबाई नव्हत्या, हे कबूल, पण रोज बसल्या तर प्रत्येकीला काही ना काही सुचत होतं. आणि बाईंना शनिवार काढायचा आहे, ज्ञानपीठ नाही.

खडूस

हं. याला उत्तर नाही माझ्याकडे. उद्या शोधून आणतो.

नानाकाका

समर्थांनीही 'दिसामाजी काहीतरी' लिहायला सांगितलंय. काहीतरी म्हणाले, उत्तम म्हणाले नाहीत, हे माझ्यासारख्या आळशाला फार धीराचं वाटतं.

कापूसकोंड्या

भाऊ-ताई लोक, तत्त्वज्ञान लय झालं, बाईले शनिवार पाहिजे. मी इंजिनिअरिंग कॉलेजात डिझाइन शिकवतो, पोट्ट्यांना पहिल्याच आठवड्यात हा तक्ता करायला लावतो. डावीकडे वस्तू, वरती क्रिया, आणि प्रत्येक चौकोनात बळजबरीने काहीतरी भरायचं. फ्रिट्झ झ्विकी नावाचा खगोलशास्त्रज्ञ असल्या तक्त्यांसाठी प्रसिद्ध होता, त्याचं हे गरिबाचं रूप समजा. सुगरण ताईंचा फ्रिज अन् हा तक्ता एकच गोष्ट आहे, फक्त मी पेन घेऊन करतो.

माणातल्या वस्तू मला जेवढ्या माहीत त्या घेतल्या: चिंचोके, ज्वारीची धाटं, बाभळीच्या शेंगा, मेंढीची लोकर, आघाडा. वरती: मोजणे, आवाज, तोल, नकाशा, भिंगातून पाहणे.

चिंचोके आणि मोजणे: बरणी भरून किती ते अंदाजाने सांगा, मग दहा-दहाच्या ढिगाने मोजा. सोपं आहे.
धाटं आणि तोल: धाटाची बैलगाडी तर सगळेच करतात, ती एका दोरीवर तोलून दाखवा.
शेंगा आणि आवाज: वाळलेल्या शेंगांचे खुळखुळे, कोणत्या शेंगेचा आवाज जड, कोणत्या शेंगेचा बारीक.
आघाडा आणि भिंग: कपड्याला का चिकटतो ते पाहा. जॉर्ज द मेस्ट्राल नावाचा स्विस इंजिनिअर १९४१ मध्ये कुत्र्याला फिरवून आला, केसात अडकलेली अशीच काटेरी बोंडं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली घातली, त्यातून व्हेल्क्रो निघालं, पोरांच्या बुटाला असते ते.
लोकर आणि मोजणे: कोरडी अन् ओली, किती पाणी धरते.
लोकर आणि नकाशा: इथे मी अडलो. काहीच नाही. असे रिकामे चौकोन राहतेत, राहू द्या.

एमआयडीसीवाला

ओ सर, लोकर आणि नकाशा रिकामा कसा? आमच्याकडचे मेंढपाळ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कोकणात जातात, पावसाच्या आधी परत. पोरांना तो रस्ता काढायला लावा नकाशावर! गावात चार म्हातारी माणसं तरी असतील ज्यांनी तो सगळा पायी तुडवलाय.

कापूसकोंड्या

वा! हा चौकोन तुमचा. माझ्या वर्गात कोणालेच आला नसता.

टोरांटोकर

मला चालल्याशिवाय एवढं सुचत नाही, आणि हे लोक बसल्या बसल्या...

गोदाकाठ

अजून एक ॲड करते. नाकारलेल्या आयडिया फेकू नका. पोस्ट-इटची गोष्ट माहीत असेल, ३एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरला १९६८ मध्ये धड न चिकटणारा गोंद सापडला, काय करायचं कळेना. १९७४ ला तिथल्याच आर्ट फ्रायला चर्चमध्ये गाण्याच्या पुस्तकातल्या खुणा सारख्या पडतात म्हणून तो गोंद आठवला, आणि बाजारात सगळीकडे यायला १९८० उजाडलं. पहिली सहा वर्षं त्या गोंदाला धड उपयोगच सापडला नव्हता. म्हणून माझ्या त्या शेकडो व्हॉइस नोट्स मी उडवत नाही.

वृश्चिक

ट्रकचा हॉर्नसुद्धा?

गोदाकाठ

तो खास जपून ठेवलाय.

शाळाबाई

बापरे, एवढे प्रतिसाद! शाळेत तपासणी होती म्हणून इकडे यायला वेळ झाला. सगळ्यांचे आभार, थालीपीठवाल्यांचेही.

काय काय जमलं ते सांगते. दहा ओळी मला नाही जमल्या, सकाळी चहा उभ्यानेच होतो. ओवीताईंचं जमलं. माझी शाळा फाट्यापासून आत आहे, रोज चालत जाते, तर पोचल्यावर हजेरीच्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिते, 'आज येताना दिसलं की'. आणि झालं असं की पोरांनी ते वाचून स्वतःच सांगायला सुरुवात केली. आता माझं राहतंच, पोरंच रांग लावतात. बाई, आज येताना दिसलं की मुंग्यांनी मेलेला नाकतोडा उभा धरून नेला. बाई, टाकीच्या नळाखाली एकाच जागी हिरवं गवत आहे. चौथीतला एक आहे, तो रोज फक्त कुत्र्यांची भांडणं सांगतो, त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. दुसऱ्या गुरुजींशी अदलाबदल करून बघितली, त्यांच्या यादीत सलग तीनदा क्रिकेट होतं.

एमआयडीसीवाल्या दादांचा मेंढरांचा रस्ता मागच्या शनिवारी घेतला. एका मुलीचे वडील सध्या मेंढरांबरोबर खालीच आहेत, तर शाळेतून माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला, स्पीकरवर. पोरं ओरडून विचारत होती, काका आत्ता कुठं हाय? ते म्हणाले कुंभार्ली घाट उतरून खाली आलोय, चिपळूणच्या अलीकडं, एका शेतात मेंढरं बसवलीत. मग एकाने विचारलं मेंढरं का बसवायची, उभी का नाही ठेवायची, त्यावर ते इतके हसले की रेंजच गेली. परत लागल्यावर त्यांनी सांगितलं, रात्रभर शेतात बसवली की खत पडतं, शेतकरी त्याचं धान्य नाहीतर पैसे देतो. जिल्ह्याच्या नकाशावर आम्ही दोरा लावला, पण चिपळूण त्या नकाशात बसेना, मग शेजारी रत्नागिरी जिल्हा जोडून चिकटवायला लागला. दोन नकाशांचं माप वेगळं असल्यामुळे घाट कुठे जुळवायचा यावर मोठी भांडणं झाली, आणि स्केल म्हणजे काय ते मला न शिकवता शिकवून झालं.

अजून एक विचारते. लोकरीचं ओली-कोरडी करायचं आहे पण शाळेत वजनकाटा नाही. दुकानदाराचा मागितला तर त्याला हिशेबाला लागतो. काही जुगाड?

खडूस

रस्त्याचं आवडलं. (स्क्रीनशॉट काढू नका.)

नानाकाका

फारच छान. बाई, एक पुरवणी. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी, १९१२ मध्ये, कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं कॅमेऱ्यात घेतलं आणि ते दाखवून भांडवल उभं केलं. तुमच्याकडे मोबाइल आहे. मटकी पेरा, मोबाइल रोज एकाच जागी, एकाच वेळी ठेवा, एक फोटो. मोबाइल ठेवायच्या जागी खडूने खूण करून ठेवा म्हणजे हलणार नाही. शनिवारी सगळे फोटो भराभर सरकवून दाखवा.

टोरांटोकर

शून्य सावलीचा दिवस पण घ्या, उभ्या काठीची सावली दुपारी गायब होते, पोरं वेडी होतात.

शाळाबाई

दादा, तो आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, शाळेला सुट्टी.

वृश्चिक

ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतो की. सूर्य दक्षिणेकडे परतताना.

टोरांटोकर

तेव्हा ढग असतात ना?

एमआयडीसीवाला

माणात? ढग असले तरी नुसते बघायला असतात, पाऊस पलीकडं घाटावरच संपतो. करून बघा बाई, जमून जाईल.

आणि काट्याचं. हँगरच्या दोन टोकांना दोन सारख्या पिशव्या बांधा, मधी खिळ्याला अडकवा, एका बाजूला लोकर आणि दुसऱ्या बाजूला चिंचोके टाकत जा. कोरड्या लोकरीला किती चिंचोके, ओल्या लोकरीला किती. ग्रॅम कशाला पाहिजेत?

कापूसकोंड्या

लोकर आणि चिंचोके एकाच चौकोनात! अन् तोलाचा रकाना पण भरला.

सुगरण_नाही

ओली लोकर आधी थोडी निथळू द्या, नाहीतर पिशवीतून पाणी गळून सगळं चुकेल. आणि कापडी पिशवी नको, ती स्वतःच पाणी पिते. दुधाची प्लास्टिकची पिशवी घ्या.

शाळाबाई

दुधाच्या पिशव्या गोळा करायला सांगितल्यात. चिंचोके आहेतच. हँगर मात्र गावात एकाच घरी निघाला, तो इस्त्रीच्या शर्टासकट आणलाय एकाने.